नदीपलीकडचं एक स्टेशन

फुदोसानमधला, म्हणजे घरं दाखवणाऱ्या एजन्सीतला मुलगा फोनवर घरमालकाशी बोलत होता. आम्ही दोघं समोर बसलो होतो. मधे टेबल, टेबलावर सात घरांचे नकाशे. नवरा, बायको, पुढच्या एप्रिलमध्ये पहिलीत जाणारी मुलगी, कायमची नोकरी, जपानमध्ये आठ वर्षं, असं सगळं त्याने भराभर सांगितलं. शेवटी आवाज खाली आणून म्हणाला, "भारतीय आहेत." पलीकडून काय उत्तर आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. त्याने फोन कानाला लावूनच मान लववली, "शित्सुरेइ शिमास" म्हणून फोन ठेवला आणि समोरचा एक नकाशा उचलून उलटा घातला. त्या दुपारी सातातले तीन कागद उलटे पडले.

हे आधीच सांगते, कारण इथे नवीन आलेल्या मुलामुलींना वाटतं की आपलंच काहीतरी चुकलं, आपलं जपानीच कच्चं आहे. तसं नसतं. काही मालकांना परदेशी भाडेकरू नको असतात आणि ते एजंटला तसं सांगूनही ठेवतात. त्या मुलाचा यात काही दोष नव्हता, उलट त्यालाच अवघडल्यासारखं झालं होतं. पण तिसरा कागद उलटा झाला तेव्हा माझ्या घशात आवंढा आला होता, हेही खरं.

आम्ही राहत होतो मिनामी-सुनामाचीला, टोकियोच्या कोतो वॉर्डात. तोझाइ लाइनचं स्टेशन. घर १डीके, म्हणजे एक खोली आणि जेवणाचं टेबल जेमतेम मावेल असं स्वयंपाकघर. दोघांना पुरेसं होतं, मग मुलगी झाली, तरी पुरलं. आता तिचं दप्तर येणार होतं, अभ्यासाचं टेबल येणार होतं. दप्तर म्हणजे रान्दोसेरु, ते चामड्याचं खोक्यासारखं. ते ठेवायलाच एक कोपरा लागतो. ठरवलं की नदी ओलांडून निशी-कासाइला जायचं. आराकावा नदीवरच्या पुलावरून गाडी गेली की पुढचंच स्टेशन. सन २००० च्या आसपास संगणकातल्या वायटूके, म्हणजे साल बदलताना तारखा चुकण्याच्या अडचणीसाठी भारतातून इंजिनिअर आले, त्यातले बरेच तिथे राहिले आणि मग वस्ती वाढत गेली. तूरडाळ आणि हिंग चालत जाऊन आणता येतं, हे कारण मला पुरेसं होतं.

आधी युआरचं घर शोधलं. युआर ही सरकारी पाठबळाची गृहसंस्था. तिच्या घरांना रेइकिन, म्हणजे मालकाला आभाराचे पैसे, नाही, दलाली नाही, जामीनदार नाही, दर दोन वर्षांनी कराराच्या नूतनीकरणाचे पैसेही नाहीत. उत्पन्नाची अट मात्र असते. ज्यांना घाई नाही त्यांनी आधी तिथेच जावं, असं मी मनापासून सांगेन. आम्हाला हव्या त्या भागात, हव्या त्या आकाराचं घर जानेवारीपर्यंत रिकामं झालं नाही, आणि शाळा सुरू व्हायच्या आत पत्ता बदलणं भाग होतं. म्हणून खासगी घर.

उरलेल्या चारांतलं एक आवडलं. २डीके, पाचवा मजला, भाडं १ लाख ३० हजार येन. त्यावर जे सुरू झालं ते असं. शिकिकिन, म्हणजे डिपॉझिट, एक महिन्याचं. रेइकिन एक महिन्याचं. हे मालकाला आभार म्हणून द्यायचं आणि परत मागायचं नाही. एजंटची दलाली कायद्याने जास्तीत जास्त एक महिन्याचं भाडं अधिक कर, तेवढी पुरेपूर, १ लाख ४३ हजार. हमी कंपनीला अर्धं भाडं, ६५ हजार. आगीचा विमा २० हजार, कुलूप बदलायचे २२ हजार, आणि पहिल्या महिन्याचं भाडं. एकूण ६ लाख ४० हजार येन, चाव्या हातात येण्याआधी. हे मी आकड्यांनिशी लिहितेय, कारण भाडं परवडतं म्हणून घर परवडतं असं आम्हीही पहिल्यांदा धरून चाललो होतो. भाड्याच्या पाचपट रक्कम हाताशी ठेवूनच घर बघायला बाहेर पडावं.

आईला फोनवर रेइकिनबद्दल सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "राहायला जागा दिली म्हणून मान द्यायचा, असं समज आणि दे." मला त्याचा आधार वाटला, पैसे जड वाटले तरी.

पैसे भरूनही एक रकाना रिकामा होता. किन्क्यू रेनराकुसाकी. अडचणीच्या वेळी फोन करायचा माणूस. तो जपानमध्ये राहणारा हवा, शक्यतो जपानी. हमी कंपनी पैशांची हमी घेते, पण भाडेकरू फोन उचलत नसेल, आजारी पडला असेल, तर विचारायचं कोणाला, म्हणून हा रकाना. नवऱ्याच्या ऑफिसमधल्या एकाने नम्रपणे नकार दिला. आपलं नाव, पत्ता, जन्मतारीख दुसऱ्याच्या कागदावर देणं इथल्या लोकांना जड जातं. मी त्याला नावं ठेवत नाही. दुसऱ्या दिवशी कचरा टाकायला खाली उतरले तेव्हा शेजारच्या आजी भेटल्या. एकट्या राहतात, सत्तरी ओलांडलेली. माझ्या बाळंतपणानंतर पहिले दोन महिने दर मंगळवारी त्यांनी दारावर मिसोचं सूप आणून ठेवलेलं. चेहरा बघून त्यांनी विचारलं आणि मी सांगून टाकलं.

"नंबर दिला की झालं ना?" त्या म्हणाल्या. "पैशांची सही नाही ना?"

नाही, म्हटलं.

"मग लिही."

फॉर्मवर नात्याचा रकाना होता. एजंटने सांगितलं, "चिजिन" लिहा, म्हणजे ओळखीची व्यक्ती. मी तसं लिहिलं. दोन दिवसांनी हमी कंपनीने आजींना फोन करून खात्री केली. आजींनी नंतर मला सांगितलं की त्या फोनसाठी त्या दिवसभर बाजारात गेल्या नव्हत्या.

करार करण्याआधी एक वाचन असतं, जुयो जिको सेत्सुमेइ. महत्त्वाच्या गोष्टींचं स्पष्टीकरण. परवाना असलेल्या माणसानेच ते वाचायचं असतं. आमच्यासमोर बसलेल्या बाईंनी आधी आपलं ओळखपत्र टेबलावर ठेवलं आणि मग एकेक कलम वाचायला घेतलं. इमारत १९९४ ची, म्हणजे जून १९८१ पासून लागू झालेल्या भूकंपाच्या नियमांनंतरची. मोठी दुरुस्ती कोणाकडे, छोटी कोणाकडे. घर सोडायचं तर एक महिना आधी कळवायचं. मग त्यांनी एक रंगीत नकाशा उलगडला. ऑगस्ट २०२० पासून हा नकाशा दाखवणं सक्तीचं आहे. पूर आला तर कुठे किती पाणी चढेल, याचा.

आमच्या नवीन इमारतीभोवती सगळा गडद रंग होता.

मी सांगलीची. माहेर गावभागात, नदीपासून हाकेच्या अंतरावर. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ आहे. आई-बाबांना शेजारच्यांच्या गच्चीवरून बोटीने काढलं. मी इथे फोन हातात धरून बसलेली, आणि आईचा फोन बंद. नंतर बाबांनी फोटो पाठवला. स्वयंपाकघराच्या भिंतीवर, मसाल्याच्या डब्यांच्या फळीच्याही वर, सरळ रेघ मारावी तशी चिखलाची खूण होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इथे एकोणीस नंबरचं तैफू, म्हणजे चक्रीवादळ आलं. आम्ही मिनामी-सुनामाचीच्या घरात बाथटब पाण्याने भरून, मोबाइल चार्ज करून, रात्रभर आराकावाच्या पातळीचे आकडे बघत बसलो होतो.

निशी-कासाइ ज्या एदोगावा वॉर्डात आहे, त्याची बरीचशी जमीन भरतीच्या पाण्यापेक्षा खालच्या पातळीवर आहे. त्याच २०१९ सालच्या वॉर्डाच्या पूर-पुस्तिकेत लोकांना स्वच्छ सांगितलंय की मोठा पूर यायचा असेल तर इथे थांबू नका, वॉर्डाबाहेर जा. स्वतःच्या नागरिकांना असं सांगायला प्रशासनाला धीर लागतो, असं मला वाटतं. सांगलीत आम्हाला कोणी असा नकाशा घर घेताना उलगडून दाखवला असता तर, हा विचार त्या टेबलाशी बसून माझ्या डोक्यातून जात नव्हता.

याच इमारतीत पहिल्या मजल्यावरचंही एक घर रिकामं होतं. इथे तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात. भाडं ११ हजारांनी कमी, समोर चार कुंड्या मावतील एवढं अंगण. नवऱ्याचा त्यावर डोळा होता. मी नकाशावर बोट ठेवलं आणि म्हटलं, पाचवा. त्याने पुन्हा विषय काढला नाही. त्या बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि नकाशाच्या मागे छापलेली सुरक्षित ठिकाणांची यादी पेनाने गोल करून दिली. त्यांना हे करायची गरज नव्हती.

सामान हलवण्याबद्दल थोडक्यात सांगते. मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला सगळा देश घरं बदलतो, तेव्हा दर बरेच चढतात. आम्ही फेब्रुवारीतला, आठवड्याच्या मधला वार घेतला, वेळ कंपनीच्या सोयीने. ४८ हजारांत काम झालं. खोके त्यांनीच दिले. दोन मुलं आली, बूट काढून, लिफ्टच्या भिंतींना आणि दाराच्या चौकटींना गादीसारखं पांघरूण लावलं, आणि पावणेदोन तासांत घर रिकामं. देवघराचा खोका मी हातातच ठेवला होता. त्यातला मोठा मुलगा म्हणाला, "कामिसामा? मग तुम्हीच आणा." जुना सोफा सोदाइ गोमीत, म्हणजे मोठ्या कचऱ्यात टाकायचा होता. त्यासाठी वॉर्डाच्या केंद्राकडे नोंदणी, मग कोन्बिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून २०० आणि ३०० येनांचे स्टिकर आणून चिकटवायचे. यातला खरा अडथळा म्हणजे तारीख. गर्दीच्या काळात तीन-तीन आठवडे मिळत नाही. फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही, एसी यात चालत नाहीत. त्यांच्यासाठी २००१ पासून वेगळा पुनर्वापराचा कायदा आहे आणि त्याचे पैसे वेगळे.

जुन्या घराच्या चाव्या परत देण्याचा दिवस मला जास्त सांगायचा आहे.

त्याला ताचिआइ म्हणतात. रिकाम्या घरात मालकाच्या बाजूचा माणूस आणि भाडेकरू एकत्र फिरतात आणि काय बिघडलंय ते ठरवतात. आदल्या दिवशी मी ते घर एकटीने पुसून काढलं होतं. स्वयंपाकघरात शेगडीच्या वरचा भिंतीचा कागद पिवळा पडला होता. सहा वर्षांच्या फोडण्या. मोहरी तडतडताना उडालेले बारीक ठिपके, आणि एका जागी हळदीच्या बोटांचा अस्पष्ट ठसा; तो लेकीचा, दोन वर्षांची असताना ओट्यावर बसून भिंतीला हात लावायची तेव्हाचा. बेकिंग सोड्याने घासला, निघाला नाही.

तो माणूस आला, टॅब्लेटवर फोटो काढत गेला. स्वयंपाकघरात थांबला. वास घेतला, म्हणाला, "करीचा वास भिंतीत बसलाय. इथला आणि खोलीतलाही सगळा कागद बदलावा लागेल." मग आकडा सांगितला. आमचं ९५ हजारांचं डिपॉझिट संपून वर २७ हजार भरायचे. आणि टॅब्लेट पुढे केला, "इथे सही करा."

मी सही केली नाही. आवाज कापत होता, पण आदल्या आठवड्यात वाचून ठेवलं होतं आणि इथल्या मराठी मंडळातल्या एका ताईंनी दोनदा बजावलं होतं की जागेवर सही करू नकोस. भूमी, पायाभूत सुविधा आणि वाहतूक मंत्रालयाची घर परत देण्याबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, १९९८ मध्ये आलेली, २०११ मध्ये सुधारलेली. त्यात म्हटलंय की रोजच्या वापराने होणारी झीज भाडेकरूच्या माथी नाही, आणि भिंतीच्या कागदाचं आयुष्य सहा वर्षं धरायचं. त्यानंतर त्याची किंमत १ येन. आम्ही सहा वर्षं दोन महिने राहिलो होतो. मी एवढंच म्हटलं, "कृपया खोलीनिहाय, चौरस मीटरनिहाय हिशेब लेखी पाठवा. कागदाची झीज कशी धरली तेही लिहा." आणि माझ्या फोनमधले राहायला आल्या दिवशीचे फोटो दाखवले, तारखेसकट. कपाटाजवळचा ओरखडा, जो तो आमच्या नावावर लावत होता, त्यात स्पष्ट दिसत होता.

तो माणूस उद्धट नव्हता. टॅब्लेट मागे घेतला आणि म्हणाला, "पाठवतो."

घरी येऊन १८८ वर फोन केला. ही ग्राहकांसाठीची देशभराची हेल्पलाइन, जवळच्या ग्राहक केंद्राला जोडून देते. तिकडच्या बाईंनी शांतपणे सगळं ऐकलं. कागदाची किंमत संपली असली तरी मुद्दाम किंवा निष्काळजीपणाने घाण केली असेल तर कामाची काही मजुरी मागू शकतात, हेही त्यांनी सांगितलं. शेगडीवर पंखा चालू ठेवून स्वयंपाक केला असेल तर तसं लेखी कळवा, म्हणाल्या. तसं पत्र आम्ही पाठवलं. खरंच, त्या पंख्याशिवाय मी कधी फोडणी दिली नाही.

महिन्याभराने हिशेब आला. जपानी टपाल वर्षभर जुन्या पत्त्यावरची पत्रं फुकट नवीन पत्त्यावर पोचवतं, त्यामुळे लिफाफ्यावर पत्ता बदलल्याचं लेबल होतं. साफसफाईचे ३८ हजार ५०० कापले होते. ते करारात आधीच लिहिलेलं होतं, त्यावर वाद नव्हता. जमिनीवर खलबत्ता पडून खोक पडली होती, त्याचे १२ हजार. तेही रास्त, ते आमच्याच हातून झालं. भिंतीचा कागद: शून्य. ४४ हजार ५०० येन परत. पैशांपेक्षा ते शून्य मी जास्त वेळ बघत बसले. माझ्या स्वयंपाकाला नुकसान म्हणून कोणी लिहून ठेवलं नाही, एवढंच मला हवं होतं.

मधल्या काळात सरकारी कागद. एकच स्टेशन, पण नदी ओलांडली की वॉर्ड बदलतो, म्हणून सगळं पहिल्यापासून. कोतोतून बाहेर पडल्याची नोंद मायनंबर कार्डावरून, म्हणजे इथल्या सरकारी ओळखपत्रावरून, ऑनलाइन झाली. एदोगावात आल्याची नोंद मात्र स्वतः जाऊन, १४ दिवसांच्या आत. झाइर्यू कार्डाच्या, म्हणजे परदेशी रहिवाशांच्या ओळखपत्राच्या, मागच्या बाजूला नवीन पत्ता उमटवून मिळाला. शाळेचं तिथेच सांगावं लागतं, कारण परदेशी मुलांना इथे सक्तीचं शिक्षण लागू नाही. पालकांनी अर्ज केला तरच शाळेचं पत्र येतं. हे कित्येकांना माहीत नसतं आणि एप्रिल उजाडतो. कृपा करून विसरू नका.

नवीन घरातली पहिली संध्याकाळ अंधारात गेली. इथे छताला फक्त दिव्याची खाच असते, दिवा आपला आपण आणायचा. पडदेही नव्हते. गॅस मात्र सुरू झाला होता. त्यासाठी कंपनीचा माणूस येतो, तेव्हा घरात कोणीतरी असावंच लागतं. टेबललॅम्प जमिनीवर ठेवून त्या उजेडात देव मांडले, दूध तापवलं, आणि लेकीने समोरच्या पुलावरून जाणाऱ्या गाड्या मोजल्या.

मार्चमध्ये आजी आल्या. एक स्टेशन गाडीने, हातात सोबा नूडल्सची दोन पाकिटं. "खरं तर नवीन माणसाने शेजाऱ्यांना वाटायच्या असतात," म्हणाल्या, "पण आता कोणी वाटत नाही, मग आपणच खाऊ." खिडकीशी उभं राहून त्यांनी नदीपलीकडे बोट दाखवलं. पाण्याची टाकी, तिच्या डावीकडे आमचा जुना जिना. लेक टाचा उंचावून बघत राहिली.

टेबलावर शाळेचा फॉर्म पडला होता. त्यातही तोच रकाना, अडचणीच्या वेळी फोन करायचा माणूस. मी पुन्हा विचारू की नको, अशा विचारात होते. आजींनी चष्मा काढून कागद जवळ धरला, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि आपल्या अक्षरात नाव आणि नंबर लिहिला. शेवटी नात्याचा रकाना आला. "चिजिन" लिहा असं मी सांगायच्या आत त्यांनी तोही भरला.

"शेजारी," त्यांनी लिहिलं होतं.